एटीएफ निर्मूलन विधेयक

एटीएफ निर्मूलन विधेयक, म्हणजेच 'एटीएफ एलिमिनेशन ॲक्ट', हे अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये २०१४, २०१५ आणि २०१७ अशा तीन वेळा मांडण्यात आलेले विधेयक होय. मद्य, तंबाखू, अग्निशस्त्रे आणि स्फोटके यांविषयीच्या संघीय कायद्यांची अंमलबजावणी करणारी 'एटीएफ' ही संस्था बरखास्त करावी आणि तिची कामे एफबीआय व डीईए या दोन संस्थांमध्ये वाटून द्यावीत, असा त्याचा आशय होता. विस्कॉन्सिन राज्यातून निवडून आलेले रिपब्लिकन पक्षाचे सदस्य जिम सेन्सेनब्रेनर यांनी ते प्रतिनिधिगृहात मांडले. तिन्ही वेळा विधेयक समितीच्या टप्प्यावरच राहिले व त्यावर सभागृहात मतदान झाले नाही.

विधेयक मंजूर झाले नसले तरी त्याने उपस्थित केलेला प्रश्न जुना आहे. एखादी यंत्रणा बरखास्त केल्याने ती ज्या कायद्यांसाठी उभी आहे ते कायदे आपोआप रद्द होत नाहीत. ते कोणाच्या तरी हाती सोपवावेच लागतात. ते हात कोणाचे असावेत, आणि बळकट असावेत की दुबळे, याबाबत एटीएफच्या विरोधकांमध्येच कधी एकमत झालेले नाही. १९८१ पासून या संस्थेच्या विसर्जनाचे जे प्रयत्न झाले, ते बव्हंशी याच मतभेदापाशी अडले.

संस्थेची जडणघडण

दारू, सिगारेट, बंदूक आणि स्फोटके यांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न एटीएफचे पूर्ण नाव वाचून कोणालाही पडावा. त्याचे उत्तर करवसुलीत आहे. मद्य आणि तंबाखू यांवरील कर गोळा करण्याचे काम अमेरिकेच्या अर्थ खात्याकडे एकोणिसाव्या शतकापासून होते. जानेवारी १९२० मध्ये देशभर दारूबंदी लागू झाली, तेव्हा तिच्या अंमलबजावणीसाठी याच खात्यात एक स्वतंत्र शाखा उघडण्यात आली. १९२७ मध्ये तिला ब्यूरोचा दर्जा मिळाला आणि १९३० मध्ये ती न्याय खात्याकडे गेली.

पुढची घटना आजच्या वादाच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. १९३३ च्या ऑगस्टमध्ये दारूबंदीचे हे दल एफबीआयच्या पूर्वरूपात, म्हणजे जे. एडगर हूवर यांच्या हाताखालील तपास विभागात, विलीन करण्यात आले. लाचखोरीने बदनाम झालेली ही मंडळी आपल्या दलात मिसळू नयेत अशी हूवर यांची इच्छा होती आणि त्यांनी तिला व्यवहारात वेगळेच ठेवले. डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदी उठली आणि १९३४ मध्ये हा विभाग मद्यकर शाखा म्हणून अर्थ खात्यात परत आला. सेन्सेनब्रेनर यांच्या विधेयकाने जे विलीनीकरण सुचवले, त्याच्याशी मिळताजुळता प्रयोग अशा रीतीने ऐंशी वर्षांपूर्वी एकदा होऊन गेला होता आणि तो वर्षभरही टिकला नव्हता.

बंदुका या खात्याकडे आल्या त्याही कराच्याच वाटेने. दारूबंदीच्या काळात गुन्हेगारी टोळ्यांच्या हाती मशीनगन आल्या होत्या. त्यांवर सरळ बंदी घालण्याचा अधिकार संघीय सरकारला आहे की नाही याविषयी शंका असल्यामुळे काँग्रेसने १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्यात वेगळी युक्ती योजली. मशीनगन, नळी कापलेली शॉटगन अशा शस्त्रांची निर्मिती वा हस्तांतर यांवर २०० डॉलर कर बसवण्यात आला. त्या काळच्या मानाने ही रक्कम इतकी मोठी होती की करानेच बंदीचे काम करावे. कर म्हटल्यावर तो अर्थ खात्याच्या कक्षेत आला. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर शस्त्र नियंत्रण कायदा झाला. त्याने बंदूकविक्रेत्यांना परवाना व विक्रीची नोंदवही सक्तीची केली. १९७० मध्ये स्फोटकांचा कायदा आला. १ जुलै १९७२ रोजी ही सर्व कामे एकत्र करून एटीएफ हा स्वतंत्र ब्यूरो निर्माण झाला. १९८२ मध्ये आगी लावण्याच्या गुन्ह्यांचा तपासही त्याच्या कक्षेत आला.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर संघीय यंत्रणांची जी मोठी फेररचना झाली, तीत जानेवारी २००३ मध्ये एटीएफ अर्थ खात्यातून न्याय खात्यात गेली. मद्य व तंबाखू यांच्या करांचे काम मात्र अर्थ खात्यातच राहिले आणि त्यासाठी तेथे निराळी संस्था स्थापन झाली. अशा रीतीने ज्या करवसुलीतून एटीएफ जन्मली, ती करवसुली तिच्याकडे उरली नाही. नावात 'स्फोटके' हा शब्द वाढला, तरी तीन अक्षरांचे जुने संक्षिप्त नावच रूढ राहिले. संस्थेत सुमारे ५ हजार कर्मचारी आहेत.

कामाचे स्वरूप

एटीएफकडे दोन वेगवेगळ्या प्रकारची कामे आहेत. एकीकडे तिचे अधिकारी शस्त्रांची तस्करी, बॉम्बस्फोट आणि जाळपोळ यांचा तपास करतात. दुसरीकडे तिचे निरीक्षक सव्वा लाखाहून अधिक परवानाधारकांच्या, म्हणजे शस्त्रांचे उत्पादक, आयातदार, विक्रेते आणि संग्राहक यांच्या, नोंदी तपासतात. विसर्जनाच्या चर्चेत पहिल्या कामाचा उल्लेख वारंवार होतो. अडचण बहुधा दुसऱ्या कामात आहे, कारण तसे काम एफबीआयने कधी केलेले नाही.

गुन्ह्याच्या जागी सापडलेली बंदूक कोणाची, हे शोधण्याची पद्धत या संदर्भात समजून घ्यावी लागते. अमेरिकेत बंदुकांच्या मालकीची राष्ट्रीय नोंदवही नाही. अशी नोंदवही करण्यास १९८६ च्या शस्त्रमालक संरक्षण कायद्याने स्पष्ट मनाई केली आहे. त्यामुळे स्थानिक पोलिसांकडून बंदुकीचा क्रमांक आला की वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मार्टिन्सबर्ग येथील एटीएफच्या केंद्रातून आधी कारखान्याला विचारणा होते. कारखाना घाऊक व्यापाऱ्याचे नाव सांगतो, व्यापारी दुकानदाराचे, आणि दुकानदार आपल्या कागदांतून पहिल्या ग्राहकाचे नाव काढून देतो. दुकान बंद झाले असेल तर त्याचे कागद कायद्याप्रमाणे मार्टिन्सबर्गला जमा झालेले असतात. ते खोक्यांनी येतात. त्यांची छायाचित्रे घेऊन ती साठवली जातात, पण ग्राहकाच्या नावावरून शोध घेता येईल अशी व्यवस्था करण्याची परवानगी नसल्याने कर्मचारी एकेक पान डोळ्यांखालून घालतात. संगणकाच्या युगात हे दृश्य विचित्र वाटते. ते कोणाच्या हलगर्जीपणामुळे निर्माण झालेले नसून कायद्याने जाणीवपूर्वक घडवलेले आहे.

याच १९८६ च्या कायद्याने न्यायालयाच्या वॉरंटाशिवाय होणारी दुकानाची नेहमीची तपासणी वर्षातून एकदाच करता येईल, असे बंधन घातले. २००३ पासून अर्थसंकल्पीय कायद्यांना जोडलेल्या तरतुदींनी शोधाची माहिती सार्वजनिक करण्यावरही मर्यादा आणल्या. कॅन्ससचे प्रतिनिधी टॉड टिआर्ट यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात.

विसर्जनाचे पूर्वीचे प्रयत्न

३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळीबार झाला. हल्लेखोराचे रिव्हॉल्व्हर कोणत्या दुकानातून विकले गेले, याचा छडा एटीएफने काही मिनिटांतच लावला. त्याच वर्षी पुढे रेगन यांच्या प्रशासनाने एटीएफ बरखास्त करण्याची योजना जाहीर केली. निवडणुकीत त्यांनी बंदूकधारकांना तसे आश्वासन दिले होते. नॅशनल रायफल असोसिएशन, अर्थात एनआरए, ही बंदूकधारकांची सर्वांत प्रभावी संघटना या मागणीच्या अग्रभागी होती. एटीएफच्या कथित जुलमाविषयी तिने एक चित्रपटही काढला होता. १९८२ च्या फेब्रुवारीत सिनेटच्या एका उपसमितीनेही आपल्या अहवालात संस्थेच्या कारभारावर कठोर टीका केली.

योजना अशी होती की शस्त्रे व स्फोटके यांचे काम सिक्रेट सर्व्हिसकडे द्यावे आणि मद्य व तंबाखू यांचे काम अर्थ खात्याच्याच दुसऱ्या शाखेकडे. तपशील पुढे येताच एनआरएची भूमिका पालटली. सिक्रेट सर्व्हिस ही राष्ट्राध्यक्षांचे रक्षण करणारी, जनमानसात प्रतिष्ठा असलेली संस्था. तिने बंदुकीचे कायदे राबवायला घेतले, तर तिच्यावर टीका करणे सोपे जाणार नव्हते आणि कायदेही अधिक कसोशीने राबवले गेले असते. त्यापेक्षा बदनाम आणि अपुऱ्या पैशाची एटीएफ परवडली, असा हिशेब संघटनेने केला. मद्य उत्पादकांनाही ओळखीची नियामक संस्था सोडून नव्या यंत्रणेशी गाठ घालून घेण्याची इच्छा नव्हती. १९८२ मध्ये योजना गुंडाळण्यात आली. विरोधकांनी त्यानंतर संस्था मोडण्याऐवजी तिचे अधिकार आखडते करण्याचा मार्ग धरला आणि १९८६ चा कायदा मिळवला.

दुसरा प्रयत्न उलट दिशेने झाला. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीत उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी सरकारी कारभाराच्या सुधारणेविषयी अहवाल तयार केला. त्यात एटीएफची पोलिसी कामे आणि संपूर्ण डीईए एफबीआयमध्ये विलीन करण्याची शिफारस होती. खर्च वाचवणे व कामांची पुनरुक्ती टाळणे हा तिचा हेतू होता. तीही अमलात आली नाही.

वादग्रस्त प्रकरणे

विधेयकाला जे समर्थन लाभले, त्यामागे दोन दशकांचा रोष होता. ऑगस्ट १९९२ मध्ये आयडाहो राज्यातील रूबी रिज येथे एका कुटुंबाला संघीय पोलिसांनी वेढा घातला आणि त्यात माता व अल्पवयीन मुलगा यांच्यासह तिघांचा मृत्यू झाला. तिसरा मृत एक संघीय मार्शल होता. प्रकरणाचे मूळ एटीएफच्या एका खबऱ्याने केलेल्या नळी कापलेल्या शॉटगनच्या खरेदीत होते. २८ फेब्रुवारी १९९३ रोजी टेक्सासमधील वेको या गावानजीक एका धार्मिक पंथाच्या वसाहतीवर एटीएफने छापा घातला. गोळीबारात संस्थेचे ४ अधिकारी आणि पंथाचे काही अनुयायी मारले गेले. ५१ दिवसांच्या वेढ्यानंतर १९ एप्रिलला वसाहतीला आग लागली आणि लहान मुलांसह ७० हून अधिक जण मृत्युमुखी पडले.

या दोन्ही प्रकरणांत एक तपशील सहसा विसरला जातो. रूबी रिज येथे प्राणघातक गोळी झाडून मातेचा बळी घेणारा नेमबाज एफबीआयचा होता आणि वेकोचा वेढाही पहिल्या दिवसानंतर एफबीआयच्याच हाती होता. एटीएफची कामे एफबीआयकडे सोपवल्याने अशा घटना टळतील, हा युक्तिवाद त्यामुळे तितकासा भक्कम राहत नाही.

वेकोच्या घटनेला दोन वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, १९ एप्रिल १९९५ रोजी, ओक्लाहोमा सिटी येथील संघीय कार्यालयांच्या इमारतीत बॉम्बस्फोट होऊन १६८ जणांचा बळी गेला. त्या इमारतीत एटीएफचेही कार्यालय होते. हल्लेखोर टिमोथी मॅकव्हे याच्या मनात वेकोचा राग होता. स्फोटाच्या काही दिवस आधी एनआरएने निधी गोळा करण्यासाठी पाठवलेल्या पत्रात संघीय अधिकाऱ्यांविषयी अत्यंत जहाल भाषा वापरली होती. तिच्या निषेधार्थ माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी मे १९९५ मध्ये संघटनेच्या आजीव सदस्यत्वाचा राजीनामा दिला.

यानंतरचा मोठा धक्का 'फास्ट अँड फ्युरियस' या मोहिमेने दिला. २००९ ते २०११ या काळात ॲरिझोनातील फिनिक्स येथील एटीएफ अधिकाऱ्यांनी मेक्सिकोतील अमली पदार्थांच्या टोळ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी संशयित खरेदीदारांना बंदुका घेऊन जाऊ दिल्या. अशा सुमारे २,००० बंदुका होत्या आणि त्यांपैकी बहुतेकांचा माग सुटला. डिसेंबर २०१० मध्ये सीमा रक्षक दलाचे ब्रायन टेरी यांची हत्या झाली, त्या जागी या मोहिमेतील दोन रायफली मिळाल्या. काँग्रेसच्या चौकशीत कागदपत्रे न दिल्याबद्दल प्रतिनिधिगृहाने जून २०१२ मध्ये ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांच्यावर अवमानाचा ठपका ठेवला.

सेन्सेनब्रेनर यांच्या स्वतःच्या राज्यातील प्रकरण आकाराने लहान असले तरी त्यांना अधिक झोंबणारे होते. २०१२ मध्ये मिलवॉकी शहरात एटीएफने गुन्हेगारांना पकडण्यासाठी खोटे दुकान थाटले. दुकानातला माल चोरीला गेला, एका अधिकाऱ्याच्या गाडीतून संस्थेचीच स्वयंचलित रायफल पळवली गेली, आणि मेंदूला इजा झालेल्या एका माणसाला हाताशी धरून नंतर त्याच्यावरच खटला भरण्यात आला. 'मिलवॉकी जर्नल सेंटिनेल' या दैनिकाने २०१३ मध्ये हे उजेडात आणले.

विधेयकातील तरतुदी

विधेयक मंजूर होताच एटीएफमधील नोकरभरती थांबवायची होती. कामांची वाटणी अशी होती: अग्निशस्त्रे, स्फोटके व जाळपोळ यांविषयीचे कायदे, तसेच हिंसक गुन्हे आणि देशांतर्गत दहशतवाद यांची एटीएफकडील कामे एफबीआयकडे; मद्य व तंबाखू यांच्या बेकायदा व्यापाराचा तपास डीईएकडे. डीईए ही १९७३ मध्ये स्थापन झालेली अमली पदार्थविरोधी संस्था असून औषधे अवैध मार्गाला जाऊ नयेत यावर देखरेख करण्याचा तिला अनुभव आहे. सिगारेटच्या तस्करीशी त्या कामाचे साधर्म्य आहे, असा विचार या वाटणीमागे दिसतो.

एटीएफचा कारभार कसा आवरता घ्यायचा याची योजना दोन्ही संस्थांनी १८० दिवसांच्या आत काँग्रेसला सादर करायची होती. एटीएफची क्षेत्रीय कार्यालये, इमारती व इतर मालमत्ता एफबीआयकडे जाणार होती. तीपैकी अनावश्यक मालमत्तेची माहिती सरकारी मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या सामान्य सेवा प्रशासनाला देण्यासाठी एफबीआयला एक वर्षाची मुदत होती. बंदुकांविषयीच्या मूळ कायद्यांतील परवाना, नोंदवही, तपासणी इत्यादी गोष्टींना विधेयकाने हात लावला नव्हता. बंदूकधारकांवरील निर्बंध त्यामुळे जसेच्या तसे राहिले असते आणि दारावर येणारा निरीक्षक तेवढा वेगळ्या संस्थेचा असता.

समर्थन व विरोध

सेन्सेनब्रेनर यांचा मुख्य मुद्दा पुनरुक्तीचा होता. एकाच प्रकारच्या गुन्ह्यांसाठी न्याय खात्याच्याच अनेक संस्था कशाला, आणि त्यांतली एक वारंवार नामुष्की ओढवून घेत असताना ती चालू का ठेवावी, असा त्यांचा प्रश्न होता. हा मुद्दा निराधार नव्हता. न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी २००९ मध्ये केलेल्या लेखापरीक्षणात स्फोटांच्या तपासावरून एफबीआय व एटीएफ यांच्यात कुरबुरी चालतात, दोघांचे प्रशिक्षण वेगळे, नोंदी वेगळ्या, आणि घटनास्थळी प्रमुख कोण यावरून वाद होतात, असे आढळले होते.

मे २०१५ मध्ये सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेस या उदारमतवादी अभ्यासगटानेही एटीएफ एफबीआयमध्ये विलीन करावी असे सुचवले. बंदुकीचे कायदे कडक करावेत असे म्हणणारा हा गट. एफबीआयची प्रतिष्ठा आणि साधनसामग्री लाभल्यास कायद्यांची अंमलबजावणी सुधारेल, अशी त्याची अपेक्षा होती. १९८२ मध्ये एनआरएला ज्या गोष्टीची भीती वाटली, तिचीच या गटाला आशा वाटत होती. एकाच विलीनीकरणाची मागणी अशी परस्परविरुद्ध कारणांनी झाली.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की दहशतवाद आणि हेरगिरी यांत गुंतलेल्या एफबीआयमध्ये दुकानांच्या तपासणीसारखे रटाळ काम शेवटच्या क्रमांकावर जाईल. बंदुकीच्या गोळ्यांवरील खुणांची जुळणी, आगीच्या कारणांचा प्रयोगशाळेत शोध, स्फोटके हुंगणाऱ्या श्वानांचे प्रशिक्षण अशा क्षेत्रांत एटीएफने मिळवलेले विशेष ज्ञानही विखुरले जाण्याची त्यांना भीती होती.

संस्थेला नेतृत्व नाही, या आक्षेपाला आणखी एक बाजू आहे. २००६ पर्यंत एटीएफच्या संचालकाच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागत नसे. त्या वर्षी पॅट्रियट कायद्याच्या नूतनीकरणात ती आवश्यक करण्यात आली. त्या वेळी प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष सेन्सेनब्रेनर हेच होते. नंतरची सात वर्षे एकाही उमेदवाराला संमती मिळाली नाही आणि संस्था हंगामी प्रमुखांवर चालली. फास्ट अँड फ्युरियसचा काळ यातच येतो. जुलै २०१३ मध्ये बी. टॉड जोन्स यांची नेमणूक संमत झाली. त्यांनी २०१५ मध्ये पद सोडल्यावर पुन्हा हंगामी प्रमुख आले, ते जुलै २०२२ मध्ये स्टीव्ह डेटलबाक यांना ४८ विरुद्ध ४६ मतांनी संमती मिळेपर्यंत.

संसदीय प्रवास

भारतीय संसदेत सरकारी विधेयके मंत्री मांडतात. अमेरिकेत मंत्री काँग्रेसचे सदस्य नसल्यामुळे प्रत्येक विधेयक कोणी ना कोणी सदस्यच मांडतो. दर दोन वर्षांच्या कार्यकाळात हजारो विधेयके दाखल होतात आणि त्यांतली थोडीच समितीबाहेर येतात. कार्यकाळ संपला की उरलेली सर्व निकालात निघतात व पुन्हा मांडावी लागतात. एटीएफ निर्मूलन विधेयक २०१४ च्या सप्टेंबरात, म्हणजे कार्यकाळाच्या अखेरीस आले. २०१५ मध्ये ते एच. आर. १३२९ या क्रमांकाने पुन्हा दाखल झाले आणि न्यायविषयक समितीकडे गेले. जानेवारी २०१७ मध्ये ते तिसऱ्यांदा मांडले गेले, तेव्हा प्रतिनिधिगृह आणि सिनेट ही दोन्ही रिपब्लिकन पक्षाकडे होती आणि त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षपदही त्या पक्षाकडे आले. तरीही ते पुढे सरकले नाही. सेन्सेनब्रेनर जानेवारी २०२१ मध्ये निवृत्त झाले.

नंतरची विधेयके

पुढील प्रस्तावांचा सूर बदललेला दिसतो. २०२१ मध्ये जॉर्जियाच्या मार्जोरी टेलर ग्रीन यांनी ब्रायन टेरी यांच्या नावाने, तर जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडाचे मॅट गेट्झ यांनी संस्था रद्द करण्याची विधेयके मांडली. जानेवारी २०२५ मध्ये कोलोरॅडोच्या लॉरेन बोबर्ट आणि मिसूरीचे एरिक बर्लिसन यांनी मांडलेल्या विधेयकाचा गाभा एका वाक्याचा आहे: एटीएफ रद्द करण्यात येत आहे. कामे कोणाकडे जावीत याचा त्यात उल्लेख नाही. सेन्सेनब्रेनर यांचा रोख गैरव्यवस्थापनावर होता. या सदस्यांचा राग संस्थेच्या नियम करण्याच्या अधिकारावर आहे. बंदुकीतून वेगाने गोळ्या सुटाव्यात म्हणून लावल्या जाणाऱ्या 'बम्प स्टॉक' या साधनाला २०१७ च्या लास व्हेगासमधील हत्याकांडानंतर एटीएफने नियमाद्वारे मशीनगन ठरवले होते. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो नियम रद्द केला. त्यामुळे ही संस्था नियमांच्या आडून कायदे करते, या आरोपाला बळ मिळाले.

अशी मागणी केवळ उजव्या बाजूची नाही. जुलै २०१८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे मार्क पोकान, प्रमिला जयपाल आणि एड्रियानो एस्पायात यांनी स्थलांतरविषयक कायदे राबवणारी 'आइस' ही संस्था वर्षभरात बंद करण्याचे विधेयक मांडले. तिची आवश्यक कामे कोठे द्यावीत हे ठरवण्यासाठी त्यात एक आयोग सुचवला होता. विरोधी रिपब्लिकन नेत्यांनी ते तातडीने मतदानाला घेण्याची तयारी दाखवताच विधेयकाच्या कर्त्यांनीच आपण त्याविरुद्ध मत देऊ असे सांगितले. मतदान झालेच नाही. आइसची पूर्वगामी संस्था असलेली स्थलांतर व नागरिकत्व सेवा मात्र मार्च २००३ मध्ये खरोखरच बरखास्त झाली होती आणि तिची कामे तीन नव्या संस्थांत विभागली गेली होती. संघीय अंमलबजावणी संस्था रद्द होऊ शकते याचे हे अलीकडचे उदाहरण.

२०२५ मध्ये एटीएफचा प्रश्न प्रशासनाच्याच पातळीवर आला. फेब्रुवारीत एफबीआयचे संचालक कॅश पटेल यांच्याकडे एटीएफचाही हंगामी कार्यभार देण्यात आला आणि एप्रिलमध्ये तो लष्कराचे सचिव डॅन ड्रिस्कॉल यांच्याकडे गेला. जून २०२५ मध्ये न्याय खात्याने पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात एटीएफ डीईएमध्ये विलीन करण्याचा प्रस्ताव मांडला. बंदुकांवर नियंत्रण हवे असणाऱ्या संघटनांनी त्याला विरोध केला. बंदूकधारकांच्या बाजूच्या काही संघटनांनीही विरोध केला, कारण त्यांच्या मते विलीनीकरणातून अधिक शक्तिशाली संस्था तयार होईल आणि कायदे आहेत तसेच राहतील.